आठवी चिठ्ठी

१

ऑफिसात तिला केरसुणी म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत केबली सांभाळणाऱ्या एकट्या तारवाल्याची, बाकीचे पाठीमागे म्हणत. तिला राग येत नसे. पसारा करणाऱ्यांनी झाडणाऱ्याला नावं ठेवायची, ही जगाची रीत तिला पाठ होती.

ते लोक पंपाचं सॉफ्टवेअर बनवायचे. हा पंप पेशंटच्या शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडतो. प्रोग्रामर दिवसभर कोड लिहीत आणि रोज दुपारी तीन वाजता एक मशीन तो सगळा कोड गोळा करून त्यातून पंपात घालायचा तयार प्रोग्राम बांधायचं. त्याला सगळे बिल्ड म्हणत. बिल्डला माणसाचा हात लागत नसे आणि लागू नये हे बघणं, हेच केरसुणीचं काम.

मशीन काम सुरू करण्याआधी काही चिठ्ठ्या वाचतं. भाषा कुठली, घड्याळ कुठल्या वेळेचं, हत्यारं कुठल्या कप्प्यात. चिठ्ठीवर एक नाव आणि नावापुढे एक मजकूर. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असं त्यांचं भारदस्त नाव आहे, पण ती चिठ्ठ्याच म्हणायची. जुनी एखादी चिठ्ठी मागे राहिली, तर तोच कोड असूनही आजचा प्रोग्राम वेगळा आणि उद्याचा वेगळा निघतो.

दोन वर्षांपूर्वी तेच झालं होतं. दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम वाचावा, अशी एक चिठ्ठी कुणीतरी मशीनवर विसरून गेलं. डोसाच्या तक्त्यातले अडीच गुपचूप पंचवीस झाले. चाचणीच्या टेबलावर पाण्याचा पेला होता. तासाभरात भरायचा तो पेला सहा मिनिटांत भरून वाहू लागला. ती शेजारीच बसली होती. पाणी तिच्या मांडीवर आलं तेव्हा तिला वाटलं, हे पाणी आहे म्हणून बरं.

त्या दिवसापासून प्रत्येक बिल्डच्या आधी मशीनच्या आतली कामाची जागा, जिला ती खोली म्हणायची, धुऊन पुसून लख्ख रिकामी व्हायची आणि मग तिनं स्वतः लिहिलेल्या सात चिठ्ठ्या तिथे ठेवल्या जायच्या. सातच. बिल्ड सुरू झालं की त्या सातांची यादी पडद्यावर उमटायची आणि ती बोट ठेवून मोजायची.

एका सोमवारी तिनं मोजल्या आणि त्या आठ भरल्या.

२

आठव्या चिठ्ठीचं नाव होतं होम. नावात विचित्र काही नव्हतं. वापरणाऱ्याचं घर, म्हणजे त्याच्या फायलींचा मुक्काम कुठे, हे सांगणारी ही चिठ्ठी जवळपास प्रत्येक मशीनवर असते. पण बिल्डच्या मशीनला घर नसतं. ते कुणाचंच नसतं. म्हणून तिनं ती चिठ्ठी मुद्दाम ठेवलेली नव्हती.

मजकूर एवढाच होता: /दार

अक्षरं रोमन, शब्द मराठी. चावटपणा, ती मनात म्हणाली. कुणाचा ते शोधायला तिनं सगळ्या फायली धुंडाळल्या. शब्द कुठेही नव्हता. तिनं बिल्ड परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावलं. परत तेच.

तारवाला मशीनच्या खोलीत केबलींच्या गुंत्यात बसला होता. ऑफिसातली सगळी मशिनं त्याच्या ताब्यात. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेला, कायम कानावर पेन्सिल.

"माझ्या मशिनीत भुतं नसतात," तो म्हणाला. "निष्काळजी माणसं असतात. ती पुरेशी आहेत."

"मग शोध ना तो निष्काळजी माणूस."

त्यानं शोधला. सोमवारी त्या मशीनवर तिच्याशिवाय कुणीही शिरलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ती आणि बाबा, दोघंच. बाबा घड्याळजी होते. चाळीस वर्षं भिंग लावून दुसऱ्यांची घड्याळं उघडली आणि आता डोळ्यांत फक्त उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. कान मात्र तसेच. जिन्यावरून कोण चालला हे ते दुसऱ्या मजल्यापासून सांगत.

"आज काय विसरली होतीस?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"घरी. दुपारी तीनदा येऊन गेलीस. दारापर्यंत आलीस, थांबलीस, गेलीस. मी हाक मारली तर ओ नाही."

शेजारची कुणीतरी असेल, ती म्हणाली. वाद घालायचा नसला की बाबा कपाचा कान चाचपत बसत, तसे बसले.

३

मंगळवारी यादीत परत आठ. मजकूर वाढला होता: /दार/बैठक

तीनदा येऊन गेलीस. हे वाक्य तिच्या डोक्यात सकाळपासून घर करून बसलं होतं. सोमवारी बिल्डही तीनदाच झालं होतं. योगायोगाला तीन हा आकडा फार मोठा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. बाबा दुपारी डुलकी काढतात. डुलकीत माणूस काहीही ऐकतो. तिनं बिल्ड परत लावलं नाही. एकदाच होऊ दिलं.

घरी आल्यावर तिनं मुद्दामच काही विचारलं नाही. भांडी घासत होती तेव्हा बाबा भिंत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"आज एकदाच आलीस," ते म्हणाले. "पण आत आलीस."

नळ तिनं बंद केला.

"तुझंच पाऊल होतं, पोरी. मला चुकायचं नाही. पण तू तीन जिने चढलीस की धापा टाकतेस. ही टाकत नाही. ही श्वासच घेत नाही."

"बाबा, मी दुपारी ऑफिसात होते."

"ते मला कळतंय. म्हणूनच तर सांगतोय." त्यांनी दाराच्या चौकटीवर नखानं टकटक केली, टक आणि मग एक बारीक टक. "आणि चाल उलटी आहे. आपण टाच आधी टेकतो. हिचा चवडा आधी टेकतो, टाच मागून."

तिनं दाराची कडी तपासली. कुलूप तपासलं. ते जसंच्या तसं होतं. बैठकीत सगळं जागच्या जागी होतं, फक्त तिथे तिला उगाच पाहुण्यासारखं वाटलं. दिवा लावून ती थोडा वेळ उभी राहिली. मग स्वतःवरच चिडून दिवा बंद केला.

४

बुधवारचा मजकूर: /दार/बैठक/तुटकी-फरशी

बैठकीतून आत जाताना एक फरशी मधोमध तडकलेली होती. पाय पडला की करकर वाजायची. घरात आल्या दिवसापासून ती फरशी ओलांडून जायची तिला सवय होती, बाबांनाही. घरात तिसरं कुणी येत नसे. ऑफिसातल्या एकालाही ही फरशी ठाऊक असणं शक्य नव्हतं.

चावटपणाची शक्यता तिथे संपली. तिला आधी भीती वाटेल असं वाटलं होतं. आला तो संताप. कुणाच्या घरात न विचारता शिरायचं, आणि तेही तिनं झाडून ठेवलेल्या खोलीतून वाट काढून.

तिनं बाबांना फोन लावला.

"फरशी वाजली," बाबांनी आपणहून सांगितलं. "आपल्यापैकी कुणी तिच्यावर पाय देत नाही. दार नीट लाव आल्यावर."

तारवाल्याला तिनं सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून ती तयारीत होती. तो हसला नाही. कानावरची पेन्सिल काढून त्यानं तिचं टोक बघितलं आणि परत ठेवली.

"मशीन पुसून पहिल्यापासून उभं करू," तो म्हणाला. "नवी डिस्क. जुनं काही घ्यायचं नाही. माणसाचं असो की कशाचं, बिऱ्हाड हलवायला लावू."

गुरुवारी सकाळी दोघांनी मिळून मशीन नव्यानं उभं केलं. तीन वाजता बिल्ड सुरू झालं. मशीनच्या खोलीत पंख्यांचा आवाज एवढा असतो की ओरडून बोलावं लागतं. त्या आवाजातही तारवाल्यानं हळूच म्हटलेलं तिला ऐकू आलं.

"आठ आहेत गं."

/दार/बैठक/बोळ

बोळाच्या शेवटी एकच खोली होती. बाबांची.

५

चार वाजता साहेबांनी बोलावलं. साहेब वयानं तिच्याहून लहान, म्हणून आवाज जरा जड काढायचे.

"उद्याचं बिल्ड रिलीजचं आहे. इस्पितळं थांबली आहेत. आणि तारवाल्यानं मशीन पुसलं असं ऐकतोय."

"यादीत एक जास्तीची चिठ्ठी येतेय. कुठून येते ते कळत नाही. कळेपर्यंत रिलीज होऊ नये."

"टेस्ट?"

"सगळ्या पास."

"मग?"

"गेल्या शुक्रवारचं बिल्ड आणि आजचं, दोन्ही शेजारी ठेवून बघितली. डोसाच्या भागातला कोड कुणी हलवलेलाही नाही. तरी आजच्यात सोळा बाइट वेगळे आहेत."

"ते बाइट काय करतात?"

"काहीच नाही. त्या जागेकडे प्रोग्राममधलं कुणी बघतच नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "कुणी बघत नाही, तर बिघडलं कुठे? मान्य चिठ्ठ्यांच्या यादीत हे नाव घाला आणि पुढे चला. एका चिठ्ठीनं काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, साहेब. थेंब. पेला वाहिला तेव्हा तुम्ही नव्हता इथे."

"मॅडम, सात चालल्या तर आठ का नाही?"

"सात मी लिहिल्यात. आठवी कुणी लिहिली ते सांगा, मी सही करते."

साहेबांनी लॅपटॉप ओढून स्वतःच ते नाव मान्य यादीत घातलं. "उद्या तीनला बिल्ड मी लावतो. तुम्ही हवं तर सुट्टी घ्या."

तिला सांगावंसं वाटलं की ते माझ्या वडिलांच्या दाराशी येऊन ठेपलंय. पण हे वाक्य त्या काचेच्या केबिनमध्ये उच्चारलं की आपली किंमत काय उरेल, ते तिला ठाऊक होतं. आणि खरं म्हणजे त्या वाक्याची गरजही नव्हती. आठवी चिठ्ठी अनोळखी आहे, एवढं कारण पुरेसं होतं. ते पुरेसं वाटत नाही, हा साहेबांचा दोष.

"घेते सुट्टी," ती म्हणाली.

६

बाबांना दिवसभर मामांकडे सोडायचं तिनं ठरवलं होतं. बाबा हलायला तयार नव्हते.

"माझ्या खोलीतून मला कोण उठवतंय ते तरी बघू दे," ते म्हणाले आणि स्वतःच्याच शब्दावर हसले. "बरं, ऐकू दे."

शुक्रवारी पावणेतीनला तिनं बाबांच्या दाराबाहेर, बोळात, स्टूल मांडलं. पाठ बाबांच्या दाराला, तोंड बैठकीकडे. बोळात दुपारीही उजेड कमीच. स्वयंपाकघराच्या दारातून एक पट्टा यायचा तेवढाच. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉप ऑफिसच्या मशीनला जोडलेला.

रात्रभर ती एकाच गोष्टीवर विचार करत होती. आपण खोली झाडली, सात चिठ्ठ्या ठेवल्या आणि घराची जागा कोरी सोडली. मशीनला घर नाही म्हणून त्याबद्दल काही लिहिलंच नाही. कोरी जागा म्हणजे बंद दार, असं आपण समजलो. कोरी जागा म्हणजे उघडं दार.

तीन वाजले. साहेबांनी बिल्ड लावलं. पडद्यावर यादी उमटू लागली. एक, दोन, तीन.

बाहेरच्या दाराची कडी वाजली नाही. पण बैठकीतली हवा बदलली, कुणीतरी आत येऊन दार लोटून घेतल्यावर बदलते तशी. मग पाऊल. चवडा, आणि मागून टाच.

सहा, सात.

फरशी करकरली.

"आली," दारामागून बाबा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता.

ती बैठकीच्या तोंडाकडे बघत होती. आपण काहीतरी भयंकर चेहरा बघणार, अशी तिनं मनाची तयारी केली होती. चेहरा आलाच नाही. बोळाच्या तोंडाशी आली ती एक पाठ. तिचाच राखाडी स्वेटर, कोपराला उसवलेला. तिचीच केसांची क्लिप. कुणी दोरीनं मागे ओढत न्यावं तशी ती पाठ उलट्या पावलांनी एकेक पाऊल तिच्याकडे येत होती. घाई नव्हती. आपल्याच घरात माणूस चालतं तेवढ्या सवयीनं चालत होती.

पडद्यावर आठवी ओळ उमटायला लागली होती. एकेक अक्षर. /दार/बैठक/बोळ/ आणि पुढे ब.

टाइप करायचं तर खाली बघावं लागणार होतं. वर बघत राहिलं तर ओळ पूर्ण होणार होती.

"पोरी," बाबा म्हणाले, "तू श्वास घेतेयस ना?"

"घेतेय, बाबा."

"बरं. दोघींपैकी एकीचाच येतोय."

तिनं मान खाली घातली.

बिल्ड थांबवायची आज्ञा तिनं दोन शब्दांत दिली. पावलं थांबली. इतक्या जवळ थांबली की पडद्यावर सावली पडली आणि अक्षरं मळकट दिसू लागली. तिनं वर बघितलं नाही. सात चिठ्ठ्यांच्या फाइलमध्ये आठवी ओळ तिनं आपल्या हातानं लिहिली. नाव, होम. मजकूर, /कुठेही-नाही. लिहिताना एक अक्षर चुकलं, ते खोडून परत लिहिलं. मग मान्य यादीतून साहेबांची भर काढून टाकली आणि त्याखाली आणखी एक अट घातली: या आठांव्यतिरिक्त एक जरी चिठ्ठी दिसली, किंवा आठांतल्या एकीचा जरी मजकूर बदलला, तर बिल्ड तिथेच मोडायचं. कुणालाही विचारायचं नाही.

"इथे माझे बाबा राहतात आणि मी राहते," ती म्हणाली. "तुझा पत्ता मी लिहिलाय. तिकडे जा."

आणि बिल्ड लावलं.

केस हलले तिचे, कपाळावरचे. समोरून कुणी उच्छ्वास सोडल्यासारखे नव्हे. समोरची हवा कुणीतरी आत ओढून घेतल्यासारखे. आयुष्यात पहिल्यांदाच श्वास घ्यायचा प्रयत्न करावा, तशी लांब, कोरडी ओढ.

मग पडद्यावर आठवी ओळ स्वच्छ उमटली. कुठेही नाही. तिनं डोळे वर केले तेव्हा बोळात उजेडाचा पट्टा होता आणि बाकी काही नव्हतं.

बाबांनी दार उघडलं. ते तिच्या स्टुलाजवळ उभे राहिले आणि हातानं चाचपत त्यांनी तिचं डोकं शोधलं. बराच वेळ हात तिथेच ठेवला.

७

साहेबांचे नऊ फोन येऊन गेले होते. सोमवारी त्यांनी केबिनचं दार लावून तिला झापलं. परवानगी कुणी दिली, रिलीज कुणाच्या जिवावर अडवलं, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग तिच्या आठ चिठ्ठ्यांनी आलेलं बिल्ड आणि त्याआधीच्या शुक्रवारचं, मूळच्या सात चिठ्ठ्यांचं बिल्ड, दोन्ही तिनं त्यांच्यासमोर शेजारी ठेवली. रिलीजच्या तोंडावर नवा कोड घेणं बंद होतं, त्यामुळे मधल्या आठवड्यात पंपाच्या कोडमध्ये काहीच बदललेलं नव्हतं. दोन्ही शेवटच्या बाइटपर्यंत सारखी निघाली. सोळा बाइट कुठेच नव्हते.

"आता हे बाहेर जाऊ दे," ती म्हणाली. "सही करते मी."

"आणि मधल्या चार दिवसांची बिल्डं?"

"मी जाळणार आहे. तुमची हरकत असेल तर लेखी द्या."

साहेबांनी लेखी दिलं नाही. पंप इस्पितळात गेले. त्यांच्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.

बाबांनी विचारलं नाही की काय होतं. तिनं सांगितलं नाही, कारण तिलाही माहीत नव्हतं. ती पाठ वळली असती तर काय दिसलं असतं, हा विचार भांडी घासताना, केस विंचरताना कधीकधी यायचा. ती त्याला येऊ द्यायची, बसू द्यायची नाही. राखाडी स्वेटर मात्र तिनं उसवलेल्या कोपरासकट वापरत ठेवला. टाकून दिला असता तर तो कुणाचा तरी झाला असता.

दोन महिन्यांनी, मंगळवारी, तीन वाजून दोन मिनिटांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बिल्डची ओळ लाल झाली. मोडलं होतं. तारवाला धावतच आला, या वयात तो धावत नसे.

"नववी आलीय," तो म्हणाला. "होम नाही, वेगळंच नाव आहे. मजकूर मोठा आहे, चांगल्या दोन-तीन ओळींचा. थांब, वाचतो."

तिनं तळहात आपल्या टेबलावरच्या पडद्यावर ठेवला, बरोबर त्या ओळींवर.

"नाही वाचायचं."

"अगं, काय म्हणतंय ते तरी कळू दे."

"मला विचारून आलं असतं तर वाचलं असतं."

तारवाल्यानं मान फिरवून खिडकीबाहेर नजर लावली. तिनं हात न काढता दुसऱ्या हातानं खोली पुसली, आठ चिठ्ठ्या ठेवल्या आणि बिल्ड लावलं. लाल. परत पुसली, परत लावलं. लाल. ऑफिसातली माणसं एकेक करून उठून तिच्यामागे उभी राहिली. तिनं मोजायचं सोडून दिलं होतं. काच तळहाताखाली गार पडत चालली होती, दुपारच्या उन्हात ती तशी पडायला नको होती.

तिनं पुन्हा कळ दाबली.